वहिनीने पाहिलेले लाल ठिपके

नणंदेला प्रयोगशाळेत आणलं ते वहिनीनेच. "घरची पोर आहे, कामाला वाघ आहे," असं प्रमुख बाईंना तिनेच सांगितलं होतं. त्याचा पश्चात्ताप व्हायला वर्षही लागलं नाही.

वहिनी सहा वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे होती. मानेत, काखेत ज्या लसिकाग्रंथी असतात, त्यांत शिरलेल्या रोगप्रतिकारक पेशींना आपली जागा कशी सापडते? ग्रंथीतून एक रसायन पाझरतं. ते जिकडे दाट, तिकडे या पेशी माग काढत जातात, असं म्हणतात. पण त्यांना जाताना पकडायचं कसं? वहिनीने ग्रंथीचे पातळ काप जिवंत ठेवून पाहिले, पण त्यांतल्या पेशी कधी मरायच्या, कधी जागच्या जागी घुटमळायच्या. आणि नणंदेने तिसऱ्याच खेपेला ग्रंथीच्या जिवंत कापाचं असं चित्रण केलं, की हिरव्या रंगवलेल्या जिवंत पेशी एकीमागून एक उजवीकडे, रसायन दाट होतं तिकडे निघालेल्या!

घरी नवरा बहिणीचं कौतुक करताना थकेना. "आमची चिमणी पहिल्यापासूनच हुशार."

"हो ना. आम्ही आपलं सहा वर्षं माशा मारतोय," म्हणत वहिनी अर्ध्या जेवणावरून उठली.

दुसऱ्या दिवशी चिमणी लॅपटॉप घेऊन आली. "वहिनी, उद्याच्या बैठकीआधी एकदा नजर टाक ना. यातलं तुझ्याइतकं कुणाला कळतं?"

वहिनीने नजर टाकली. कोपऱ्यात काही लाल ठिपके होते. लाल म्हणजे मेलेल्या पेशी. त्याही उजवीकडेच चालल्या होत्या. मेलेली पेशी कसला माग काढणार? काप जिवंत राहावा म्हणून त्यावरून द्रव सोडतात, त्याचा पंप जोरात होता. त्या नुसत्या वाहून चालल्या होत्या, म्हणजे हिरव्याही तशाच वाहत असतील.

शब्द अगदी ओठांवर आले होते.

"छान झालंय," वहिनी म्हणाली.

बैठकीत प्रमुख बाईंनी चित्रण मध्येच थांबवलं. "मेलेल्या पेशी कशा काय धावताहेत?"

कुणीतरी फिसकन हसलं. चिमणीने वळून वहिनीकडे पाहिलं. आता ही चारचौघांत माझं नाव घेणार, म्हणून वहिनीने अंग चोरलं.

"माझ्या लक्षात आलं नाही," चिमणी म्हणाली आणि खाली बसली.

कालपासून वहिनी ज्या सुखाची वाट पाहत होती, ते काही आलं नाही. बैठक संपल्यावर ती मागच्या खोलीत गेली. चिमणी काचेची भांडी विसळत होती.

"मला दिसलं होतं," वहिनी म्हणाली.

"कळलं मला ते, आत्ता बैठकीत. काल त्या कोपऱ्यापाशी तू दोनदा थांबलीस."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? माझ्या वहिनीला माझं वाईट झालेलं हवंय, असं?"

वहिनीने तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं. ती म्हणाली, "पंप अगदी मंद करून बघू. चल."

आठवडाभर दोघींनी मिळून काप ठेवले. आता लाल ठिपके जागचे हलेनात. हिरव्या पेशी मात्र हळूहळू का होईना, रसायन दाट होतं तिकडेच सरकल्या. पेशींना होणारी त्या रसायनाची जाणीवच औषधाने बंद केली, तेव्हा त्या वाट चुकल्यासारख्या भरकटल्या. म्हणजे पोरीचं मूळ म्हणणं खरंच होतं.

प्रमुख बाईंनी वहिनीला बोलावलं. "चूक तुम्ही निस्तरलीत. शोधनिबंधावर पहिलं नाव तुमचं घालू?"

सहा वर्षं ती याच प्रश्नाची वाट पाहत होती.

"नको. तिचं घाला," वहिनी म्हणाली. "चूक मला आधीच दिसली होती. मी मुद्दाम गप्प बसले."

वहिनी बाहेर आली. मन हलकं वगैरे काही झालं नव्हतं, जळत तर अजूनही होतंच. तशीच ती जाऊन चिमणीशेजारी बसली आणि पुढचा काप सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला.