रंग उडालेलं पाणी

रंगकामात मास्तरचा हात धरणारं कारखान्यात दुसरं कोणी नव्हतं. ओलं कापड नुसतं पाहून तो सांगायचा, वाळल्यावर हा निळा किती फिका पडेल ते. पण कापड धुऊन उरलेलं पाणी कुठे जातं, इकडे त्याने कधी डोळे उघडून पाहिलं नाही. माहीत होतं, नाही असं नाही. ते ओढ्यात जायचं, आणि ओढा जायचा खालच्या वस्तीतून, जिथे त्याची थोरली बहीण राहायची.

वस्तीतल्या बायकांना ओढ्याकडे पाहून कळायचं, यंदा बाजारात कुठल्या रंगाची चलती आहे ते. त्यावर हसायच्याही त्या, करणार काय? हसून झालं की घागरी उचलून टेकडीपलीकडच्या विहिरीची वाट धरायच्या. बहिणीने मात्र हे हसण्यावारी नेलं नाही. तिने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, वस्ती गोळा केली, रस्त्यावर बसली, पोलिसांनी उचलून नेलं तरी पुन्हा येऊन बसली. चांगलं पाणी हा आपला हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे, असं ती ज्याला त्याला ऐकवायची. भाऊ त्याच कारखान्यात, म्हणून लोक टोमणे मारत. तो पोटासाठी करतो, त्याच्या वाटेला जाऊ नका, एवढंच ती म्हणायची.

शेवटी कारखाना नमला. निदान तसं दिसलं तरी. व्यवस्थापकाला कामगार पाठीमागे गोडबोल्या म्हणत. त्याने जाहीर केलं की यापुढे ओढ्यात रंगाचा थेंब दिसणार नाही. मग मास्तरला आत बोलावून विचारलं, स्वस्तात रंग कसा घालवता येईल?

त्यात विचारायचं काय? ब्लीच. चुकून गडद झालेलं कापड मास्तर ब्लीचनेच उतरवायचा, तोच न्याय पाण्याला. खटपट करून त्याने प्रमाण जुळवलं आणि टाकीतून नितळ धार पडली तेव्हा गडी मनापासून खूश झाला. रंगातलं विष कुठेही गेलेलं नाही, वर ब्लीचची भर पडली आहे, हे त्याला ठाऊक होतं. पण त्याच्या धंद्यात पाणी कोणी पीत नाही, पाणी नुसतं बघतात. रंग गेला की काम झालं, ही आयुष्यभराची सवय, आणि सवयीपुढे अक्कल कुठे चालते?

ओढा काही दिवस स्वच्छ वाहिला आणि वस्तीच्या पटांगणात सभा भरली. वस्तीच्या वतीने बहिणीने सही केली की तक्रार कायमची मिटणार होती. ती ठेवणीतले कपडे घालून पुढे बसली होती. इतकी निवांत ती कित्येक वर्षांत दिसली नव्हती. मास्तर टेबलाशी पाण्याचा काचेचा जग घेऊन उभा होता, लोकांना दाखवायला.

गोडबोल्याचं भाषण संपलं तशी एक बाई उठली. विहिरीची पायपीट सुटली म्हणून तिने आभार मानले. आता सगळी वस्ती ओढ्याचंच पाणी भरते म्हणाली. थोडा औषधाचा वास येतो, पण त्याने पाणी उलट शुद्धच होतं ना?

मास्तरने हातातला जग टेबलावर ठेवला. लाल-निळं होतं तोवर त्या पाण्याला कोणी तोंड लावलं नव्हतं. रंगच तेवढा खरं बोलत होता, आणि त्याचं तोंड मास्तरने बंद केलं होतं. त्याने गोडबोल्याकडे पाहिलं. गोडबोल्या नखं पाहत होता. म्हणजे त्यालाही कळत होतं. मग गोडबोल्यानेच हसत बहिणीच्या हातात पेन दिलं.

"ताई, सही करू नकोस," मास्तर म्हणाला. "मी नुसता रंग उडवलाय. बाकी सगळं पाण्यात तसंच आहे."

मास्तरांना सभेत बोलायची सवय नाही, असं काहीतरी म्हणून गोडबोल्याने वेळ मारून न्यायला पाहिलं. बहिणीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"तुला कधीपासून माहीत आहे हे?"

"पहिल्यापासून. पण तुम्ही ते पिताय, हे माहीत नव्हतं."

"मग विचारायचं होतंस," ती म्हणाली. आवाज चढला नाही. चढला असता तर मास्तरला बरं वाटलं असतं.

तिने पेन खाली ठेवलं आणि वस्तीकडे वळून सांगितलं, घरी जा, भरलेलं पाणी कोणालाही पिऊ देऊ नका. बायका पोरांना हाका मारत धावत सुटल्या. बघता बघता पटांगण रिकामं झालं. गोडबोल्याने जाता जाता मास्तरला सांगितलं, उद्यापासून यायचं कारण नाही.

मास्तर बहिणीच्या मागोमाग घरी गेला. न्हाणीपाशी पिंप काठोकाठ भरलेलं होतं. तिने एक बाजू धरली, त्याने दुसरी. दोघांनी मिळून ते अंगणात आणलं आणि तिथेच थांबले. समोर तिने लावलेली भाजी होती, पलीकडे शेजारणीचं दार, त्याच्याही पलीकडे ओढा.

"कुठे ओतू?" मास्तरने विचारलं.

तिने भाजीकडे पाहिलं, शेजारणीच्या दाराकडे पाहिलं. पिंप दोघांच्या हातात तसंच राहिलं.