वीस बाळंतपणं

सौंसरच्या त्या खासगी नर्सिंग कॉलेजात मान्यतेची पाहणी म्हटली की शिक्षिकांच्या कपाळावर आठ्या पडत. अलकामॅडम तर उघड म्हणायच्या, "समिती येते, जेवते, जाते. रजिस्टरं भरा अन् मोकळ्या व्हा."

विजयाला मात्र या पाहणीची आस होती. बारा वर्षं ती मुलींना बाळंतपणाचा विषय शिकवत होती. संस्थेचा शंभर खाटांचा दवाखाना कागदावर. खऱ्या खाटा बाराच, आणि बाळंतीण महिन्याकाठी एखादी. मुलींना सरकारी रुग्णालयात पाठवा म्हणून तिने पाच अर्ज दिले होते. संस्थेचे सचिव देवीदासजी यांनी पाचही खणात टाकले. बाहेरच्या कुणी कान पिळल्याशिवाय हे सुधारायचं नाही, असं तिला वाटे.

पाहणीच्या आदल्या दिवशी देवीदासजींनी शेवटच्या वर्षाच्या सव्वीस मुलींच्या नोंदवह्या तिच्यापुढे ठेवल्या. नियमाप्रमाणे प्रत्येकीने वीस बाळंतपणं स्वतः केलेली हवी होती. सगळ्या वह्यांत वीस-वीस भरलेली होती, तारखांसकट. फक्त तिची सही बाकी होती.

"सर, पोरींनी दोन-दोनच केले. चंचलनं तर एकच."

"मान्यता गेली तर ह्या पोरी कुठं जातीन मॅडम? काऊन वाद घालून राहिल्या? करा सह्या."

तिने केल्या. शेवटी शेवटी सही तिची तिलाच ओळखू येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोधीखेड्याहून आणलेली धडधाकट माणसं रुग्ण म्हणून पांघरुणं ओढून खाटांवर पडली होती. समितीतले दोघं चहा घेत बसले. तिसऱ्या बाई वयस्कर, कमी बोलणाऱ्या. त्यांनी चंचलची वही उचलली आणि तिला सरावाच्या पुतळ्यापाशी उभं केलं. बाळाचं डोकं बाहेर आलंय, नाळ मानेभोवती आहे, आता काय करशील, असं हिंदीत विचारलं.

चंचल रामाकोन्याची, वर्गात सगळ्यांत हुशार. पुस्तकातलं उत्तर तिने घडाघडा म्हटलं. हात मात्र पुतळ्यावर नुसते चाचपडत राहिले.

बाई विजयाकडे वळल्या. "ये दस्तख़त आपके हैं? इसने सच में बीस डिलीवरी की हैं?"

चंचल तिच्याजवळ सरकून पुटपुटली, "मॅडम, हो म्हना जी. पाया पडतो."

विजयाच्या डोळ्यांपुढे कुठल्यातरी गावातली, कळा देणारी एक बाई आली आणि तिच्या पायांशी हे चाचपडणारे हात.

"नहीं मैडम. एक." मग तिने हात जोडले. मुलींचं वर्ष घालवू नका, त्यांना सहा महिने सरकारी रुग्णालयात पाठवायचा हुकूम द्या, म्हणून विनवत राहिली. बाईंनी पहिलं वाक्य लिहून घेतलं आणि वही मिटली. पुढचं त्यांच्या हातात नव्हतं.

दोन महिन्यांनी पत्र आलं. मान्यता रद्द, सव्वीस परीक्षा अर्ज नामंजूर. विजया छिंदवाड्याच्या सरकारी रुग्णालयात दोनदा जाऊन आली. मान्यताच नसलेल्या कॉलेजच्या मुली आम्ही घेऊ शकत नाही, एवढंच तिथे सांगितलं. संस्थेचं पांढुर्ण्याचं दुसरं कॉलेज तशाच खाटांवर, तशाच वह्यांवर पास झालं. अलकामॅडम तिथे प्राचार्य झाल्या. जाताना म्हणाल्या, "पाहा विजया, तुह्या खऱ्यानं काय केलं."

चंचल दहावी-बारावीची कागदपत्रं परत न्यायला आली, तेव्हा विजया तिच्या मागे फाटकापर्यंत गेली.

"माह्या घरी येत जा. मी शिकवतो तुले."

"कायच्यावर शिकवसान, मॅडम?" चंचलच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच विजयाला सोसवेना. "आता घरचे मले पाहाले पाहुणे बोलावून राहिले. रविवारी येतीन." फाटकाशी वळून ती म्हणाली, "खरंच बोलाचं होतं, तं सह्या काऊन केल्या जी?"

रामाकोन्याची बस लागली होती. चंचल कागदपत्रं छातीशी धरून तिकडे पळाली.