गोजरबाईंनी स्वतःसाठी मागितलं

ग्रामसभेत बोलायची आपली एक ठरलेली रीत आहे. माणूस उठतो, टोपी नीट करतो आणि म्हणतो, "मला सोताला काय नको, मी गावासाठी बोलतोय." मग खुशाल आपल्या मनातलं मागतो. तुम्हीआम्ही सगळेच यात पटाईत.

पाथर्डी तालुक्यातल्या एका गावाला यंदा निधी आला. वेशीत कमान बांधावी, असं बन्सी अण्णांनी सुचवलं. "मला काय नको, गावाची शोभा वाढंल." माना डोलल्या. सरपंच पूजाताई ठराव लिहून घेणार, तोच सत्तरीच्या गोजरबाई उठल्या.

"मला माझ्यासाठी पायजे. आमच्या वरल्या आळीला नळ द्या. टँकर खाली चावडीपाशी थांबतो. कळशी घेऊन चढ चढवत न्हाई आता. गुडघे गेले माझे."

सगळे हसले. "गावाचं काम चाललंय आन् तुमी सोताचं घेऊन बसलाय," बन्सी अण्णा म्हणाले. "एवढा स्वार्थ बरा न्हाई, मावशे."

"व्हय, स्वार्थ हाय," गोजरबाई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या तोंडचं काढून घेतलं आसतं तर लाज वाटली आसती. तहान लागली म्हनायला कसली लाज? मी गावातच ऱ्हाते ना, बन्सी? मंग माझी तहान गावाची न्हाई व्हय?"

आता कुणी हसेना. पूजाताईंनी वही मिटली. "आता गावाचं नाव कुणी काढू नका. ज्याला स्वतःला काय हवं, तेवढंच सांगा."

मग एक सून म्हणाली, नळ. तिची शेजारीण म्हणाली, नळ. दूधवाले कानिफनाथ मान खाली घालून म्हणाले, "म्हशींचं पानी मीच व्हातो. नळच द्या." कमान कुणीच मागितली नाही!

शेवटी बन्सी अण्णा उठले. "कमानीवर आमच्या वडलांचं नाव लागावं, आसं वाटत हुतं," ते हळूच म्हणाले. "पन पान्याला आमची मंडळी बी जाती. माझं चुकलं, मावशे. पयला नळ वरल्या आळीलाच द्या."

मंडळी, आपली गरज उघड सांगणं हा काही गुन्हा नाही. आपला हट्ट गावाच्या नावावर खपवणं आणि गरजवंताला स्वार्थी म्हणून गप्प बसवणं, हा खरा स्वार्थ.

गोजरबाईंनी मात्र अण्णांना हाताला धरून शेजारी बसवलं. "नळाच्या टाकीवर लाव की वडलांचं नाव. कळशी भरताना रोज निघंल तोंडून."