आल्टोतला जुना सूर

मच्छेच्या फौंड्रीत दिवसभर ओतीव लोखंडाचे नमुने तपासून दिपाली कॅम्प भागातल्या चर्चमध्ये पोचायची, तेव्हा तिच्या पायांत त्राण नसायचं. डिसेंबर लागल्यापासून रोज तालीम. येत्या रविवारी, नाताळच्या आधीच्या उपासनेला, हुबळीच्या चर्चचं क्वायर, म्हणजे गाणाऱ्यांचा संच, पाहुणं येऊन इथल्या क्वायरबरोबर गाणार होतं. गाणं जुनंच, लॅटिनमधलं, वाद्यांशिवाय चार आवाजांत गायचं. त्यातली आल्टोची ओळ, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, दिपाली बावीस वर्षं गात आली होती. शेजारी कायम मालूआक्का.

गुरुवारी नव्या क्वायरमास्तरनं, नागेंद्रनं, तिला थांबवून घेतलं. त्याच्या हातात छापील प्रत होती.

"मॅडम, तिसऱ्या ओळीच्या शेवटी तुमची आल्टो एक सूर वर जाते. हे बघा, छापलंय काय ते."

खरंच होतं. सगळ्या जणी जिच्यावरून शिकल्या ती वही मालूआक्काच्या नवऱ्यानं, आण्णाप्पांनी, हातानं उतरवलेली. उतरवताना एक सूर चुकला आणि तोच सगळ्यांच्या गळ्यात बसला. आण्णाप्पा जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"रविवारपर्यंत सुधारा. आक्कांना जमत नसेल तर खाली बाकावर बसू देत. वयही झालंय."

"तुम्हीच सांगा की."

"मी नवा माणूस. रडल्या-बिडल्या तर?"

फौंड्रीच्या प्रयोगशाळेत चुकलेला आकडा दिपाली रोज खोडायची, त्यात तिला काही वाटायचं नाही. आज स्कूटरवर मागं मालूआक्काला बसवून निघाली, तर शब्द सापडेनात. रेल्वे फाटक पडलेलं होतं. तोंड दिसत नाही तोवरच सांगून टाकावं, असं तिला वाटलं.

"आक्का, तिसऱ्या ओळीचा शेवट वहीत चुकलाय. एक सूर खाली पाहिजे."

पॅसेंजर धडधडत निघून गेली.

"ह्यांनी उतरिवलंय ते," आक्का म्हणाली.

"व्हय. पर छापलेलं निराळं हाय."

"मला खाली बसवा म्हणला काय गं तो?"

दिपालीनं स्कूटर सुरू केली.

"म्हंजे म्हणलाय." आक्कानं तिच्या खांद्यावरचा हात काढला नाही. "पन्नास वर्सं उभी ऱ्हायलेय. बसून मला गाता येत न्हाय. आन् आता ह्या गळ्यातनं दुसरा सूर निघायचा न्हाय. तिथं मी गप ऱ्हाईन. सांग त्याला."

शुक्रवारी आणि शनिवारी आक्का त्या जागी डब्याचं झाकण लावावं तसं तोंड मिटून उभी राहिली. नागेंद्रनं मान डोलावली.

शनिवारच्या तालमीनंतर भट्टीत बिघाड झाल्याचा फोन आला. दिपाली परत मच्छेला गेली आणि पहाटे घरी आली. उपासनेत उभी राहिली तेव्हा डोळे चुरचुरत होते. तिसरी ओळ आली. आक्कानं ओठ मिटले. दिपालीनं सूर लावला आणि लावताक्षणी तिला कळलं: जुनाच. चाळीस आवाजांत तो एकटा वर राहिला.

नागेंद्रनं मालूआक्काकडे बघितलं.

उपासना संपली, चहा-केक सुरू झाला. तो तडक आक्कापाशी आला. "आक्का, नाताळला तुम्ही खालीच बसा."

केकचा तुकडा आक्काच्या हातात तसाच होता. दिपालीला फक्त घरी जाऊन आडवं व्हायचं होतं.

"तो सूर माझा होता," ती म्हणाली.

"तुमचा? तुम्हाला तर माहीत होतं!"

"माहीत होतं. दमले होते. मलाही खाली बसवा. नाताळला हुबळीचे नसणार; आल्टोत मग सौम्या एकटी उरते."

सौम्याचं क्वायरमधलं हे दुसरंच वर्ष, अजून छापील प्रत बघून गायची. नागेंद्रनं तिच्याकडे पाहिलं आणि कपाळ पुसलं. "ऱ्हावा दोघी. पण झोपून या मॅडम."

घरी जाताना फाटक पुन्हा पडलेलं. दिपालीनं स्कूटर बंद करून हँडलवर कपाळ टेकलं.

"आज ऐकला गं मी," आक्का म्हणाली.

"काय?"

"ह्यांचा सूर. रोज गाताना माझाच आवाज कानात. आज गप हुते, तवा ऐकाय गावला."

"चुकीचा होता, आक्का."

"चुकीचाच," आक्का म्हणाली. "उठ आता, फाटक उघडलं."