चौदा नंबरच्या मागे

निळी वायर. दोन्ही टोकं निळी, मधलं कुणालाच माहीत नाही.

भांडारघरात रचलेल्या गाद्या, पाय मोडलेली खुर्ची, कुणाचीतरी एकच चप्पल.

“आज आमच्याकडे कशी शांतता आहे,” मोठ्या नर्सबाई जिन्यात म्हणाल्या. “दृष्ट नका लावू.”

लॅपटॉपवरून वायरीपलीकडच्या यंत्राला विचारलं, आहेस का? आहे, म्हणालं. कुठे, ते त्याला विचारता येत नाही.

मामाने वायर उपटली आणि शंख धरावा तशी कानाशी धरली.

“आता?” भाचीने विचारलं.

“आता बसायचं. ज्याचं बंद पडेल तो ओरडत येईल.”

जिन्याखालच्या खोलीत ती पालथ्या बादलीवर बसली. समोर नेटवर्कचा स्विच, ओळीने भोकं असलेली चपटी पेटी, हिरवे दिवे मिचकावत होती. शुश्रूषागृहातल्या सगळ्या वायरी या पेटीत येत. संध्याकाळी ही पेटी काढली जाणार होती, आणि प्रत्येक वायर कुणाची हे ठरवून नव्या पेटीत लावायचं काम तिचं होतं. पहिलंच स्वतंत्र काम. ‘पोरगी करेल,’ असं मामाने व्यवस्थापकांना सांगून टाकलं होतं. आज साहेब तू, मी हमाल, असं म्हणून तो सकाळपासून तिची पिशवी उचलत होता.

सगळ्या वायरींना धनी सापडले होते. चौदा नंबरच्या भोकातल्या निळ्या वायरीला नाही. पेटी म्हणत होती, या पोर्टमागे कुणीतरी आहे. भिंतीवरची चिठ्ठी म्हणत होती, ही वायर भांडारघरात जाते. आणि भांडारघरात गाद्या होत्या.

तिने मांडीवरच्या लॅपटॉपकडे पाहिलं. वायर मामाच्या हातात लोंबत होती, आणि पडद्यावर ते यंत्र अजून चौदा नंबरलाच होतं.

“हे कसं?”

“पेटीला लगेच विसरता येत नाही. थोडा वेळ दे.”

थोडा वेळ गेला. ओळ पुसली गेली. फोन वाजला नाही. जिन्यावरून कुणी धावत आलं नाही.

“संपलं,” मामा म्हणाला. “जुना प्रिंटर असेल. म्हातारा झाला की बडबडतो एकटाच.”

“प्रिंटर असा बोलत नाही, मामा.”

“कसा बोलत नाही?”

तिला सांगता येईना. सकाळी तिने त्याची हालचाल पाहिली होती. यंत्रं ठरावीक वेळाने हूं म्हणतात. हे बराच वेळ गप्प, मग लागोपाठ तीनचारदा, मग पुन्हा गप्प. जसं काही उत्तराची वाट बघतंय. तिने लॅपटॉप मिटला, पुन्हा उघडला.

“तू शिकवलंस ते सगळं केलं. कुणी ओरडलं नाही.”

“मग?”

“मग काही नाही. मी वर जाऊन येते.”

“परत? त्या गाद्यांना तरी ओळखदेख झाली असेल तुझी.”

भांडारघरात तिने पुन्हा छताकडून सुरुवात केली. निळी वायर कोपऱ्यात उतरत होती, कपाटामागे जात होती. सकाळी तिने इथपर्यंतच पाहिलं होतं. आता तिने खांदा लावून कपाट ढकललं. मागे तळहाताएवढी एक डबी होती, एका वायरीच्या दोन करणारी. डबीतून दुसरी वायर निघून भिंतीच्या तळाशी गडप झाली होती.

तिने फोन लावला.

“मामा, वायर भिंतीतून बाहेर येते आणि परत भिंतीत जाते.”

“वायर आहे का साप आहे?”

तिने भिंतीवर टकटक केलं. पोकळ आवाज आला. मग तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. खिडकी अर्धीच होती. चौकट मध्येच भिंतीत शिरली होती. उरलेली अर्धी पलीकडे असणार. म्हणजे खोली आधी एकच होती. भिंत नंतर आली, आणि वायरीला ते कुणी सांगितलं नाही.

ती शेजारच्या खोलीत गेली.

खाटेवर एक बाई होत्या. तोंडाचा एक कोपरा खाली ओढलेला, ओठ किंचित उघडे, आवाज नाही. पांघरुणाबाहेर उजवा हात होता. हाताखाली उशीला बांधलेलं एक पांढरं बटण. बोट त्यावर दाबलं जात होतं. लागोपाठ तीनचारदा. मग थांबून. मग पुन्हा.

दारावर पाटी होती: रुग्णास बोलता येत नाही. हाक बटणाने.

बाईंनी डोळे तिच्याकडे वळवले. बोट थांबलं नाही.

फोन अजून चालूच होता.

“मामा, चौदा लाव.”

“का, कोण ओरडलं?”

तिने दारावरची पाटी पुन्हा वाचली.

“अगं, कोण ओरडलं?”

“लाव ना, मामा.”

तिकडून बादली सरकल्याचा आवाज आला. काही क्षण काहीच झालं नाही. मग खोलीबाहेर, नर्सबाईंच्या टेबलावर, घंटी वाजू लागली आणि थांबेचना.

“उठल्या वाटतं आमच्या राणीसरकार,” नर्सबाई कुणाला तरी म्हणाल्या. खुर्ची मागे सरली. “मघापासून छान झोपल्या होत्या हो. एकदा म्हणून त्रास नाही दिला.”

चपलांचा आवाज जवळ येऊ लागला. तिने बाईंच्या बोटांवर आपला हात ठेवला. बोटं तिच्या हाताखाली दाबतच राहिली.

मामाने वायर उपटली तेव्हा ऊन बाईंच्या डोळ्यांवर येत होतं. त्यांना पडदा ओढून हवा होता.