बोअरिंगच्या पाण्याने धुतलेलं चाक

मित्रांनो, अकरा वर्षं एकाच गाडीला जोडलेलं मी एक चाक आहे. मागचं, डाव्या बाजूचं. टायरच्या आतली चकचकीत रिम म्हणजे मी. लोक मला अलॉय व्हील म्हणतात. शोरूममध्ये कुणीतरी म्हणालं होतं, "हे लोखंड नाही, गंजायचं नाही." मी ते खरं धरून चाललं आणि तिथेच माझा गोंधळ सुरू झाला.

माझे मालक शिवदासकाका. भाईंदरच्या खाडीकडे त्यांच्या वडिलांचं मिठागर होतं. आता काका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. गाडीवर त्यांची भारी माया. रोज सकाळी बोअरिंगच्या नळाला पाइप लावून ते मला न्हाऊ घालायचे. ते पाणी खारट, कुणी तोंडात धरणार नाही असं, पण गाडी धुवायला चालतं असं सगळेच म्हणायचे. नळ माझ्याच बाजूला, त्यामुळे सर्वांत जास्त लाड माझे. वाळल्यावर माझ्या कडेला पांढरी भुकटी दिसायची. काका म्हणायचे, "साबन राह्यला वाटतं," आणि पुन्हा धुवायचे.

मग माझ्यातली हवा कमी व्हायला लागली. एकदम नाही, दोन-तीन दिवसांत हळूहळू. पंक्चरवाल्याने सगळा टायर तपासला. खिळा नाही, काच नाही. मला तर वाटे, हवा मी घट्ट धरून आहे. मग ती जाते कुठे? माझ्याकडूनच सुटते की काय? माझं डोकंच चालेना.

शेजारच्या जागेत भावेशची स्कूटर असे. हा काकांचा समोरच्या दारातला शेजारी, रोजचा चहाचा सोबती. काकांच्या बायकोला, द्वारकाकाकूंना, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं, तेव्हा त्यांना धरून गाडीत बसवायचा तो भावेशच. एकदा स्कूटर तिरकी लावण्यावरून दोघांची बाचाबाची झाली आणि नेमका दुसऱ्याच दिवशी माझा टायर बसला. काकांच्या मनात संशय शिरला. पुढे एका सकाळी त्यांनी जिन्यातून पाहिलं, तर भावेश माझ्याजवळ उकिडवा बसून व्हॉल्व्हचं टोपण काढत होता. काका तसेच मागे फिरले.

मित्रांनो, भावेश हवा भरत होता. काकूंना उशीर नको म्हणून स्वतःचा पायपंप घेऊन आला होता. मला ते ठाऊक होतं, पण सांगू कसं?

त्या दिवसापासून काकांनी अबोला धरला. भावेश काकूंना धरायला पुढे आला, तर त्याचा हात बाजूला सारला. त्याची पार्किंगची जागा काढून घ्या, असं पत्र त्यांनी सोसायटीच्या मिटिंगसाठी लिहिलं आणि गाडीत बसून काकूंना वाचून दाखवलं. काकू दमल्या आवाजात म्हणाल्या, "आदी चाक दाखवा नीट. पत्राचं मंग बघू."

म्हणून शनिवारी आम्ही वरसाव्याला सूरजच्या टायरच्या दुकानात गेलो. त्याने माझ्या कडेवर साबणाचं पाणी ओतलं. बारीक बुडबुडे आले.

"काका, टायर ठीक है. रिम का किनारा सड गया है. हवा यहीं से जाती है."

टायर उतरवल्यावर काकांनी माझ्या कडेची भुकटी बोटावर घेतली आणि जिभेला लावली. मग तिथल्या स्टुलावर बसूनच राहिले.

"बापजन्म मिठात गेला आमचा," ते सूरजला म्हणाले, "अन मला मीठ वलखू आलं न्हाय."

मी सुन्न झालं. म्हणजे मीच हवा सोडत होतं, आणि ज्या पाण्याने माझे लाड झाले त्यानेच मला खाल्लं. यात राग कुणावर धरायचा, ते मला अजून उमगलेलं नाही. सूरजने माझी कड घासून तिला काळा लेप लावला आणि दर आठवड्याला हवा बघायला सांगितलं.

संध्याकाळी भावेश स्कूटर काढायला आला. काका माझ्याजवळच उभे होते.

"भावेश, चुकलो मी. हवा रिममधून जात होती. मला वाटलं, तू सोडतोस."

"मी भरत होतो, काका," भावेश म्हणाला. "एकदा विचारायचं तरी." आणि तो निघून गेला. चहाला आला नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या चाकांची कड अधूनमधून बघत जा. खारं पाणी टाळा. आणि हवा गेली, तर कुणावर बोट दाखवण्याआधी विचारा.

सोमवारी, काकूंच्या डायलिसिसच्या दिवशी, काका तिसऱ्या मजल्यावरून गोड्या पाण्याची बादली घेऊन उतरले. माझी कड पुसली. मग गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि उरलेल्या पाण्याने भावेशच्या स्कूटरची दोन्ही चाकं पुसू लागले. भावेश किल्ली घेऊन आला.

"राहू द्या, काका," तो म्हणाला. "काकूंना खाली आणू ना?"