लाइटच्या पंख्याला तेल

आमच्या बळीरामरावांना सगळं येतं. जे येत नाही ते करण्यालायकच नसतं. तीस वर्षं सरकारी कचेरीत फायलींना नाडी बांधली आणि रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी हे गृहस्थ इंजिनियर झाले. मी, त्यांची बायको, बावीस वर्षं कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट आहे, रोज वायरी जोडते. पण ह्यांच्या लेखी ती काचेची भांडी विसळायची नोकरी.

आमच्या लेकीच्या, रोशनीच्या फिशटँकवरचा लाइट महिनाभर घरघरत होता. लाइट तापू नये म्हणून आत काडेपेटीएवढा पंखा असतो, तो खराब झाला होता. टीव्हीसुद्धा ऐकू येईना. मी सीताबर्डीच्या बाजारातून नवा पंखा आणला. दोन स्क्रू, दोन वायरी, दहा मिनिटांचं काम.

"ठेव तो तसाच," हे म्हणाले. "पंखा बदलवाची काही गरज नाही. तेल पायजे त्याले. कूलरले दरवर्षी कोण तेल देते?"

नागपुरातल्या समस्त नवऱ्यांची ही पदवी. मार्चमध्ये कूलरची खस बदलली, मोटारीत तेल सोडलं, की जगातला कुठलाही पंखा आपल्यापुढे हात जोडून उभा आहे असं ह्यांना वाटतं.

"अहो, हा कूलर नाही," मी म्हटलं. "खाली पाणी हाय, मासे हायेत."

"आता तू मले शिकवून राहिली का वं?"

मग मीही हात झटकले. करा म्हटलं.

मासे रोशनीचे. सहा गोल्डफिश, कॉलेजात असल्यापासून जपलेले. आता ती हैदराबादला नोकरीला आहे, पण रोज ऑफिस सुटलं की व्हिडिओ कॉल लावते आणि आधी मासे बघते, मग आम्हाला. जाताना मला बजावून गेली होती, "आई, माह्या माशाइले पप्पाच्या भरवशावर नको सोडजो."

शनिवारी सकाळी हे गळ्यात टॉवेल टाकून स्टुलावर चढले. बोर्डाचं बटन बंद केलं, त्याबरोबर पाण्यात हवा सोडणारा पंपही बंद पडला. शिलाई मशीनच्या तेलाची बाटली त्यांनी कूलरच्या मापाने उलटी केली. तेल पंख्यातून ओघळून टपटप पाण्यात पडलं आणि वर तवंग पसरला. "मुरू देतो तासभर," असं स्वतःशीच म्हणत ते उतरले आणि पेपर घेऊन पलंगावर आडवे झाले.

मी पर्स अडकवून त्यांच्या मागे दारात उभी होते. कॉलेजात प्रॅक्टिकलची परीक्षा होती, निघाले असेन असं त्यांना वाटलं असावं. मला सगळं दिसलं. तेल दिसलं, बंद पडलेले बुडबुडे दिसले. एक शब्द पुरला असता. पण मला ह्या माणसाला एकदा तरी तोंडावर पडलेलं बघायचं होतं. संध्याकाळी घरघर पुन्हा सुरू होईल, मी गुपचूप नवा पंखा बसवीन आणि ह्यांचा चेहरा बघीन. ऑटोत बसून मी चक्क हसत होते. मासे माझ्या डोक्यातच नव्हते, डोक्यात होती फक्त ती संध्याकाळ.

पाच वाजता परतले तर हे टँकसमोर फरशीवर बसलेले. पेपर वाचता वाचता डोळा लागला होता आणि बोर्ड दुपारभर बंदच राहिला. सहाही मासे तवंगाखाली आडवे झाले होते.

मी मनात वाक्यं जुळवत होते, चांगली धारदार. तेवढ्यात रोशनीचा कॉल आला. तो ह्यांनी माझ्याआधी उचलला.

"जयभीम बेटा," ते म्हणाले. "मासे मेले. म्याच मारले. तुही आई सांगून राहिली होती, म्या ऐकलं नाही. चुकलो मी."

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, हा शब्द ह्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. ह्याच्यासाठीच तर थांबले होते. आता मला नुसती लाज वाटत होती.

रोशनी बराच वेळ रडली. मग नाक पुसून म्हणाली, "पप्पाले तं काही समजत नाही. पण आई, तेल पडलं तवा तू कुठी होती?"

"तिले काही नको म्हणू बेटा," हे घाईघाईने म्हणाले. "ती कॉलेजले गेली होती. ती घरी असती तं असं होऊच देलं नसतं तिनं."

रोशनी माझ्याकडे बघत होती. मी मान हलवून हो म्हटलं.